कुत्र्याच्या अंगावरच्या गाठी : चाचपून निदान होत नाही

ओसरीवरचा

श्वानपालकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : "मऊ आहे, हलतेय, म्हणजे चरबीची गाठ. सोडून द्या." पुष्कळदा ते खरं निघतं, म्हणूनच त्यावर भरवसा बसतो. अडचण अशी की मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कुत्र्यांच्या त्वचेत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग, कातडीखाली वाढला की हाताला तसाच मऊ आणि हलता लागतो. हा फरक बोटांना कळत नाही, अनुभवी डॉक्टरांच्या बोटांनाही नाही. त्यामुळे इथे फोटो टाकून "ही कसली गाठ असेल?" असं विचारू नका. काय तपासायचं, काय टिपून ठेवायचं, डॉक्टरांकडे काय मागायचं आणि फसगत कुठे होते, एवढ्यावर बोलू.

महिन्यातून एकदा सगळं अंग चाचपायचं, आणि क्रम दर वेळी तोच ठेवायचा : ओठ उचलून हिरड्या, जबड्याखाली, कान आतून-बाहेरून, मान, काखा, बरगड्या, पोट, जांघा, शेपटीखाली, शेवटी प्रत्येक बोट आणि नखाचं मूळ. केसाळ कुत्र्यात हात केसांच्या उलट दिशेने फिरवा. अंघोळीत शॅम्पू लावलेला असताना बारीक गाठही पटकन लागते.

गाठ सापडली की तारीख, जागा आणि लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. प्लास्टिकचा साधा कॅलिपर पुरतो. "लिंबाएवढी" लिहू नका, लिंबं सगळ्या मापाची मिळतात. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. कातडी चिमटीत उचलल्यावर गाठ कातडीबरोबर वर येते की खालीच राहते, खालच्या स्नायूवर सरकते की घट्ट चिकटलेली आहे, वरचे केस शाबूत आहेत की झडलेत, हेही टिपा.

साधारण १ सेंटिमीटरची गाठ महिनाभर टिकून राहिली, तर सुईची तपासणी करून घ्यावी. पण काही गाठींना महिनाही द्यायचा नाही : भराभर वाढणारी, एखाद्या दिवशी फुगून दुसऱ्या दिवशी बसणारी, खाजणारी, फुटलेली, रक्त येणारी, आणि तोंडातली, नखाच्या मुळाशी असलेली, सडांजवळची किंवा गुदद्वाराजवळची कुठलीही.

शेपूटवाली

धाग्याची गरज होतीच. गाठ नसून गाठ वाटणाऱ्या गोष्टी आधी सांगते, म्हणजे निम्मी घबराट जाईल.

सड नर कुत्र्यालाही असतात, दोन ओळींत, बहुधा पाच जोड्या. त्यांना गोचीड समजून चिमट्याने ओढणारे लोक असतात. गोचिडीला पाय असतात, टॉर्च लावून बघा. छातीच्या हाडाचं मागचं टोक आणि शेवटच्या, तेराव्या बरगडीचं सुटं टोक बारीक कुत्र्यात टणक गाठीसारखं लागतं. जबड्याच्या कोनामागच्या लाळग्रंथी दोन्हीकडे सारख्या लागतात. नर उत्तेजित झाला की लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, तो थोड्या वेळात आपोआप बसतो. त्यासाठी रात्री डॉक्टरांना उठवू नये.

पशुवैद्य_मराठवाडा

सुईच्या तपासणीला आपल्याकडच्या लॅबमध्ये एफएनएसी म्हणतात. भूल लागत नाही, बहुतेक कुत्री इंजेक्शनइतकीच कुरकुर करतात. २२ ते २५ गेजची सुई, ५ मिलिची सिरिंज, चार-पाच काचपट्ट्या, एवढंच साहित्य. गाठ दोन बोटांत पक्की धरायची, सुई आत घालून तीन-चार दिशांनी पुढे-मागे करायची, मग बाहेर काढायची. सिरिंजमध्ये हवा भरून सुईतला माल काचेवर सोडायचा आणि दुसरी काच वर ठेवून हलक्या हाताने सरकवायची. दाबलं तर पेशी फुटतात आणि रिपोर्ट येतो "नमुना अपुरा". रक्ताळ गाठीत सिरिंज ओढूच नये, नुसती सुई टोचूनही पेशी येतात.

आता सगळ्यात मोठी फसगत. काचेवर तेलकट थेंब आले की "चरबीची गाठ" असं लिहून मोकळं होतात. पण कातडीखाली चरबी सगळीकडेच असते. सुई गाठीत न जाता बाजूने गेली तरी तेच थेंब येणार. म्हणून दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून नमुना घ्यावा, आणि सुई खरोखर गाठीत होती हे डॉक्टरांना विचारावं. विचारल्याने कोणी रागावत नाही, रागावलंच तर डॉक्टर बदला.

सुई लावू नये अशाही जागा आहेत. पिल्लाच्या बेंबीवरचा मऊ फुगा दाबल्यावर आत जात असेल तर तो हर्निया, आत आतडं असू शकतं. मादीच्या जांघेतली आणि म्हाताऱ्या नराच्या गुदद्वाराशेजारची मऊ सूज, याचंही तेच. तिथे आधी सोनोग्राफी.

काचपट्टी

डॉक्टरांना अनुमोदन. लॅबच्या बाजूने थोडी भर.

पट्ट्या हवेत वाळवा, पंख्याखाली चालेल. ओल्या पट्ट्या डबीत घातल्या की पावसाळ्यात पेशी फुगून ओळखू येईनाशा होतात. सगळ्या पट्ट्या स्पिरिटमध्ये बुडवू नका, त्यात चरबी विरघळते आणि लॅबला कोरी काच मिळते. बाटलीतल्या बायोप्सीबरोबर एकाच पिशवीत तर पट्ट्या कधीच पाठवू नका. फॉर्मलिनची नुसती वाफ लागली तरी रंग नीट चढत नाही.

मास्ट सेल बहुधा लगेच ओळखू येतात : गोल पेशी आणि पोटात जांभळे कण. पण झटपट रंगवण्याच्या काही किटमध्ये हे कण कधीकधी रंगतच नाहीत. शंका असेल तर लेशमन किंवा गिम्साने पुन्हा रंगवून मागा. पट्टीवर गाठीची जागा आणि कुत्र्याचं वय लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला फार मदत होते. "कुत्रा, गाठ" एवढ्यावर काय सांगायचं?

कोथरूडचा_बोका

(नाव बोक्याचं, पाळलाय कुत्रा.) दीड वर्षाचा बॉक्सर. कानाच्या पाळीवर लाल, बिनकेसांचं, बटणासारखं काहीतरी, १२ मिमी. दोन आठवड्यांत एवढं झालं. बॉक्सरना मास्ट सेल जास्त होतात असं वाचलं. लगेच कापून टाकावं का?

पशुवैद्य_मराठवाडा

वय, जागा आणि वाढायचा वेग पाहता हिस्टिओसायटोमाची, म्हणजे कर्करोग नसलेल्या एका गाठीची, शक्यता बरीच आहे. तो तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्यात, डोकं, कान, पाय अशा ठिकाणी येतो, झपाट्याने वाढतो, वर कधी खपली धरते, आणि दोन-तीन महिन्यांत शरीर स्वतःच त्याला संपवतं. पण बॉक्सर, पग, लॅब्रॅडॉर, गोल्डन यांच्यात मास्ट सेल जास्त हे तुम्ही बरोबर वाचलंत, तेव्हा याच आठवड्यात सुई लावून घ्या. हिस्टिओसायटोमाच निघाला तर गळ्यात कॉलर घालून खाजवणं थांबवा आणि दर आठवड्याला माप घ्या. तीन महिन्यांनी तसाच असेल तर काढू.

स्टेरॉइडचं मलम किंवा इंजेक्शन घेऊ नका. ज्या पांढऱ्या पेशी ती गाठ संपवणार असतात, त्यांनाच स्टेरॉइड दाबतं.

काचपट्टी

स्टेरॉइडचा मुद्दा ठळक करायला हवा. "सूज उतरायचं इंजेक्शन" म्हणून डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिलं जातं, गाठ खरंच लहान होते, सगळे खूश. पण लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आणि मास्ट सेल हे दोन्ही कर्करोग स्टेरॉइडने काही काळ आक्रसतात. नंतर काढलेल्या नमुन्यात पेशी अर्धवट मेलेल्या मिळतात आणि निदान लटकतं. लिम्फोमात तर पुढच्या केमोथेरपीचा असरही कमी होतो. आधी नमुना, मग स्टेरॉइड.

माळरानावरून

गावाकडचे उपाय कोणी काढले नाहीत अजून, म्हणून मीच काढतो.

बिब्बा : चामखिळीवर बिब्ब्याचं तेल लावतात. त्याने माणसाची कातडी भाजते, कुत्र्याची तर भाजतेच, आणि कुत्रं ते चाटतं. मग जीभ, हिरड्या सोलतात. चुना आणि सोडा, तीच गत. टी ट्री ऑइल बाटलीवर पान छापलेलं असलं तरी कुत्र्यांना विषारी आहे.

दोरा किंवा घोड्याचा केस बांधणं : देठ असलेली गाठ काळी पडून गळते हे खरं. पण ती गळेपर्यंत तिथे मेलेलं मांस असतं, पावसाळ्यात माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. वर तपासायला काही उरत नाही. रबरबँड केसांत दडून कातडीत रुतलेला राहतो, ते तर सगळ्यात वाईट.

थुजा (होमिओपॅथीचं औषध) : पिल्लांच्या ओठांवर, हिरड्यांवर फ्लॉवरसारख्या चामखिळी येतात त्या विषाणूच्या. एक-दोन महिन्यांत, कधी त्याहून थोड्या उशिराने, त्या आपोआप जातात. त्या सुमारास जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. फक्त इतर कुत्र्यांपासून पाण्याचं भांडं आणि खेळणी वेगळी ठेवा, कारण लागण झाल्यावर चामखीळ दिसायला महिना-दोन महिने लागतात. गिळताना त्रास होण्याइतक्या वाढल्या तर डॉक्टर काढतात.

म्हाताऱ्या कॉकर-पूडलच्या अंगावरच्या "चामखिळी" मात्र बहुधा तैलग्रंथींच्या असतात. त्या जात नाहीत, बहुधा त्रासही देत नाहीत. केस कापताना मशीनखाली येऊन रक्त काढतात, तेवढं ग्रूमरला आधी दाखवून ठेवा.

शेपूटवाली

+१. आणि पिळू नका! कातडीतल्या पिशवीत राखाडी, पनीरसारखा माल असतो, पिळला की बाहेर येतो आणि बरं वाटतं. पण तीच पिशवी आतल्या बाजूला फुटली की तो माल कातडीखाली पसरतो, शरीर त्याला परकं समजतं आणि आठवडाभरात दुप्पट सूज. मास्ट सेल असेल तर पिळल्याने हिस्टामिन (सूज आणणारं रसायन) सुटून भोवतालचा भाग लाल होऊन फुगतो.

घरातलं वेदनाशामकही नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, पण माणसांची गोळी घरोघरी आहेच. मास्ट सेल असलेल्या कुत्र्याच्या पोटात आधीच आम्ल वाढलेलं असतं, त्यावर ही गोळी म्हणजे काळ्या उलट्या आणि डांबरासारखी शी.

गल्लीतले_मित्र

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल. मादीच्या योनीतून किंवा नराच्या लिंगाच्या कातडीतून महिनोन् महिने रक्त ठिबकतं, लोक म्हणतात "हीटवर आहे". आत फ्लॉवरसारखं लाल, ठिसूळ मांस दिसलं तर टीव्हीटी, म्हणजे समागमातून पसरणारा कर्करोग. बरं होतं का? बरेच जण "कॅन्सर आहे, सोडा" म्हणतात.

पशुवैद्य_मराठवाडा

टीव्हीटी सोडून देणं म्हणजे बऱ्या होणाऱ्या जनावराला मरू देणं. हा विचित्र कर्करोग आहे. समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत ६० च्या आत-बाहेर. माणसाला लागत नाही.

औषध व्हिन्क्रिस्टीन, आठवड्यातून एकदा शिरेतून, मात्रा किलोला ०.०२५ मिग्रॅ. १५ किलोच्या कुत्र्याला सुमारे ०.३७५ मिग्रॅ. बहुतेकांना चार ते सहा डोस पुरतात. गाठ दिसेनाशी झाली तरी एखादा डोस वर द्यावा. दोन इंजेक्शनांनी रक्त थांबतं, कुत्रं खेळायला लागतं आणि लोक यायचे बंद होतात, इथे उपचार वाया जातो. अर्धवट सोडलेली गाठ परतली की ती पहिल्यासारखी औषधाला दबेलच असं नाही.

दर डोसआधी रक्त तपासा. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली असतील तर डोस पुढे ढकला. औषध शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून पहिल्याच फटक्यात नीट बसलेला कॅन्युला हवा, आधी सलाईन सोडून बघायचं, मगच औषध. चळवळ्या कुत्र्याला गुंगी द्या. हातमोजे घाला. पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या मूत-शीला उघडा हात लावू नका, गरोदर बाईने तर जवळच जाऊ नये.

नाकातही टीव्हीटी होतो, एका नाकपुडीतून रक्त येतं. पण आपल्याकडे नाकातून रक्त म्हटलं की गोचीडतापही डोक्यात हवा. आधी प्लेटलेट मोजा.

गल्लीतले_मित्र

आभारी आहे, डॉक्टर. नसबंदी कधी?

पशुवैद्य_मराठवाडा

गाठ गेल्यावर आणि पांढऱ्या पेशी जागेवर आल्यावर. मुंबईत परळ, तसंच शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत आधी चौकशी करा. गल्लीतल्या कुत्र्याचा खर्च लोकवर्गणीतून चालतो, तिथे हा मार्ग बरा.

ओसरीवरचा

मास्ट सेल निघालाच तर पुढे काय, हे कोणीतरी सविस्तर लिहा ना.

काचपट्टी

सुईच्या रिपोर्टवर "मास्ट सेल" कळतं, ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे, ते खात्रीने कळत नाही. ग्रेड अख्खी गाठ कापून तपासल्यावर ठरतो. कातडीतल्या गाठीसाठी दोन पद्धती आहेत : पटनाईकांची १९८४ ची, १ ते ३ अशी, आणि किउपेल व सहकाऱ्यांची २०११ ची, लो आणि हाय अशी. रिपोर्टवर दोन्ही मागा. जुन्या पद्धतीत बरेच जण मधल्या २ मध्ये अडकतात आणि त्यातून निर्णय निघत नाही. कातडीखालच्या मास्ट सेलला मात्र या ग्रेड लावायच्या नसतात, तिथे पेशींचं विभाजन किती आणि कडा स्वच्छ आहेत का, ते पाहायचं.

पशुवैद्य_मराठवाडा

शस्त्रक्रियेआधी जवळच्या लसिकाग्रंथीलाही सुई लावावी, ती मोठी नसली तरी. पोटाची सोनोग्राफी, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, आणि आपल्याकडे प्लेटलेट हव्यातच. गोचीडताप लपलेला असला तर टेबलावर रक्त थांबत नाही. गाठ हाताळली की हिस्टामिन सुटून रक्तदाब पडू शकतो, म्हणून आधी एव्हिलसारखं अँटिहिस्टामिन आणि पोटासाठी आम्ल कमी करणारं औषध.

कापताना गाठीभोवती २ ते ३ सेंमी निरोगी कातडी आणि खाली स्नायूवरच्या आवरणाचा एक थर घ्यावा लागतो. लहान गाठीला तिच्या व्यासाइतकी कड, जास्तीत जास्त २ सेंमी, हेही मान्य आहे. पण २-३ सेंमीची कड घेतली तर १ सेंमीच्या गाठीलाही चांगला तळव्याएवढा छेद येतो. तो बघून घाबरू नका. "छोटीशी गाठ, छोटासा टाका" असं कोणी म्हणालं तर सुईचा रिपोर्ट कुठाय ते विचारा. खरी पंचाईत पायाच्या खालच्या भागात होते, कारण तिथे कातडी उरतच नाही. म्हणून पायावरची गाठ लहान असतानाच पकडायची.

ऑस्टिनची_आजी

पायावरच्या गाठींबद्दल इकडची माहिती. टिगिलॅनॉल टिग्लेट या इंजेक्शनला अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली, ऑस्ट्रेलियातल्या एका रानझाडाच्या बियांपासून काढलेलं. ते थेट गाठीत टोचतात, गाठ काळी पडून गळते आणि मोठं उघडं भगदाड राहतं. बघवत नाही, पण बहुतेकांचं सहा आठवड्यांच्या आत भरतं. पसरलेल्या रोगाला चालत नाही, आणि १० घनसेंमीपेक्षा मोठ्या गाठीलाही नाही.

लिंबोणी

कोपरावरच्या पाणी भरलेल्या गाठीचं काय? जर्मन शेफर्ड, दिवसभर फरशीवर पडलेला असतो.

माळरानावरून

हायग्रोमा. जड कुत्रं कडक फरशीवर लोळून लोळून हाडावर पाण्याची पिशवी तयार होते. पाणी काढलं तर पुन्हा भरतं, आणि सुईबरोबर जंतू गेले तर पू होतो, मग महिनोन् महिने निस्तरा. जाड गोधडी किंवा रबरी मॅट टाका, वजन कमी करा. गोधडी तो ढकलून फरशीवरच झोपेल, उकडतं ना. मग जाळीची खाट द्या.

दिवाळीच्या आसपास बोटांमध्ये अचानक लाल गाठ आणि पाण्यासारखा स्राव आला तर कुसळ आठवा. वाळल्या गवताचं कुसळ उलट्या काट्यामुळे पुढेच सरकतं. नुसत्या अँटिबायोटिकने पंधरा दिवस बरं होतं, मग शेजारी नवं भोक. शोधून काढल्याशिवाय सुटका नाही.

शेपूटवाली

सडांजवळच्या गाठी राहिल्या. नसबंदी न झालेल्या किंवा उशिरा झालेल्या मादीत या फार. सुईने चांगली-वाईट ठरवणं इथे कठीण, म्हणून बहुतेक वेळा थेट काढून तपासतात, तेही आधी छातीचा एक्स-रे काढून. हीट थांबवायची प्रोजेस्टिनची इंजेक्शनं या गाठींचा धोका वाढवतात आणि गर्भाशयात पूही करतात. ती घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत.

काचपट्टी

काढलेली गाठ लॅबला पाठवणाऱ्यांसाठी. "दिसायला साधीच होती" म्हणून गाठ टाकून देणाऱ्या दवाखान्यात तपासणीचे पैसे वेगळे देऊन ती मागून घ्या. १० टक्के बफर्ड फॉर्मलिन, गाठीच्या दहापट. जाड गाठीला सेंटिमीटरभर अंतरावर पावासारखे काप द्यायचे, पण एका बाजूने जोडलेलेच ठेवायचे, नाहीतर मधला भाग सडतो आणि कडाही कळत नाहीत. डोक्याकडच्या कडेला एक टाका घालून ठेवला की कुठली बाजू कमी पडली ते सांगता येतं. बरणी रुंद तोंडाचीच हवी. औषधाच्या बाटलीत मऊ गाठ दाबून आत जाते, फॉर्मलिनने कडक झाली की बाहेर येत नाही, बाटली फोडावी लागते. दोन गाठी असतील तर दोन बरण्या. फ्रीजरमध्ये ठेवू नका. आणि चिठ्ठी बरणीला लावा, झाकणाला नको, झाकणं टेबलावर बदलतात.